दोघींची टोपली

काढलात ना फोटो? काढा, सगळेच काढतात. मग घरी जाऊन बघतात आणि विचारतात, एवढ्याशा टोपलीला दोन बायका कशाला? मुंबईची एक बाई तर मला म्हणाली, "काकी, तुमच्याकडच्या बायका अशक्त आहेत का हो?" म्हटलं, होय गो बाय, भरलेली मासळीची पाटी डोक्यावर घेऊन सात मैल बाजाराला चालायचो, ते अशक्त म्हणूनच.

या टोपलीत काय असतं, ते आधी सांगते. मासळीची घाण. आतडी, कल्ले, खवले. समुद्र इथून दहा पावलांवर आहे. दुसऱ्या कुठल्याही बंदरावर बाई हात लांब करते आणि घाण पाण्यात टाकते, कावळे-घारी आणि मासे बघून घेतात. आमच्या शिरखोलात मात्र ती टोपलीत भरायची, टोपलीचे दोन कान दोघींनी धरायचे, आणि ती वर त्या चढणीवरच्या माडांच्या बागेत नेऊन पुरायची. एकटीनं न्यायची नाही. घरात दुसरी बाई नसली तर शेजारणीला हाक मारायची. शेजारणीशी भांडण असलं तरी मारायची. माझं आणि माझ्या जावेचं, शालनचं, परसातल्या एका फणसावरून अकरा वर्षं बोलणं नव्हतं. अकरा वर्षं! पण रोज दुपारी एक कान माझ्या हातात आणि एक तिच्या. वर जायचो, पुरायचो, खाली यायचो, तोंडातून अवाक्षर नाही. गंमत वाटते ना? आम्हाला नव्हती वाटत.

मी सुमती तांडेल. चाळीस वर्षं मासळी विकली, आता गुडघे बोलतात म्हणून या पायऱ्यांवर बसते. तुम्ही उतरलात ते घर माझ्या पुतण्याचं. त्यानंच तुम्हाला माझ्याकडे पाठवलं असणार, स्वतःला सांगायचा कंटाळा म्हणून. बसा. तो पाण्यात उभा खडक दिसतो? नांगरखडक. त्याची सावली आता पाण्यावर पडली आहे. दिवस कलेल तशी ती लांबत येईल आणि या सगळ्यात खालच्या पायरीला टेकेल. तेवढ्यात माझं सांगून होईल. ही माझी टोपली इथेच असू दे, पानाखाली झाकलेली. तिला पाय लावू नका.

फार वर्षांमागची गोष्ट असं सांगतात. किती, ते विचारू नका. तेव्हा इंजिनं नव्हती, शिडाच्या होड्या होत्या, आणि गावात सगळी मिळून पंचवीस-तीस घरं. ही खोल, म्हणजे पायऱ्यांपुढचं हे तीन बाजूंनी वेढलेलं पाणी, तेव्हाही अशीच होती. ओहोटीलासुद्धा या पायऱ्यांशी पुरुषभर पाणी राहतं. होड्या सकाळी बाहेर जायच्या, दुपारी परत यायच्या, आणि इथेच पायऱ्यांवर बसून बायका मासळी साफ करून खारवायला घालायच्या. घाण पाण्यात. सगळ्या जगात असतं तसंच.

एका वर्षी मासळी रुसली. गणपती झाले, नवरात्र झालं, तरी जाळी रिकामी. पोरांच्या पानात नुसती पेज आणि मीठ. अशात एके दुपारी या पाण्यात एक मुशी आली. मुशी, तुम्ही शार्क म्हणता ती, बाजारात बघितली असेल, हातभर लांबीची. ही तसली नव्हती. ही होडीच्या अर्ध्या लांबीची होती, आणि अंगावर फिकट पट्टे. पायऱ्यांशी पाण्यात पडलेली थोडीफार घाण खाऊन ती गेली. आणि दुसऱ्या दिवशी, नशिबाची गोष्ट बघा, जाळ्यांत बांगडा आला. असा आला की होड्या ओढायला माणसं पुरेनात.

झालं. देवाला गाऱ्हाणं घालायचं काम गावात गणू घाडी करायचा. तो म्हणाला, ही साधी मुशी नव्हे, हा आपला राखणदार आहे. राखणदार म्हणजे गावाच्या सीमेवर बसून गाव सांभाळणारा. तो माणसाच्या रूपात येतो, सापाच्या रूपात येतो, मग मुशीच्या रूपात का येऊ नये? कोणाला पटलं नाही असं नाही. पोट भरलेल्या माणसाला सगळं पटतं. तेव्हापासून दुपारी सावली खालच्या पायरीला टेकली की मुशीला निवेद द्यायचा, असं ठरलं. आणि नुसती घाण नाही, त्या दिवसाच्या मासळीतली पहिली पाटी तिची.

आता निवेद आला की मान आला. पहिला घास कोणी टाकायचा? हा मान तांडेलांच्या घराकडे आला. त्या घरात दोघे भाऊ, थोरला नरू आणि धाकटा धाकू. मुशी पहिल्यांदा बघितली धाकूनं, म्हणून मान धाकू बजावायचा. नरूला ते सलत होतं, पण तो बोलून दाखवत नव्हता. धाकूची बायको भागू, नरूची बायको देवकू. दोघी जावा एका चुलीवर नसल्या तरी एका अंगणात होत्या, आणि दोघींचं बरं होतं. देवकूला मूल नव्हतं. भागूला एक मुलगी, आवडू. आठ वर्षांची. ती अर्धी भागूची आणि अर्धी देवकूची होती म्हणा ना. जेवायची एकीकडे आणि झोपायची दुसरीकडे.

दोन वर्षं हे चाललं. सावली पायरीला टेकायची आणि मुशी यायची. चुकायची नाही. आधी लांबून एक फेरा मारायची. मग जवळून एक. तिसऱ्या फेऱ्याला पोरं टाळ्या पिटायची, कारण आता ती घास घेणार हे त्यांना ठाऊक असायचं. ती अंग एका कुशीवर वळवून तोंड उघडायची, घास धरायची आणि डोकं दोनदा झटकायची. आणि काहीही खायची बरं. बांगडा खायची, बकऱ्याचं मुंडकं खायची, नारळाची करवंटी खायची. एकदा कोणाच्या हातून लाकडी डाव पडला तर तोसुद्धा गेला. पोरं हसून लोळली.

हे सगळं भागू बघायची. मासळी साफ करत ती खालून दुसऱ्या पायरीवर बसायची, म्हणून तिला सगळ्यांत जवळून दिसायचं. तिनं एक गोष्ट पाहिली होती, ती बाकी कोणाच्या लक्षात आली नव्हती. मुशी घास घ्यायला तोंड उघडते ना, त्या क्षणी तिच्या डोळ्यावर एक पांढरा पडदा सरकतो. घास आत गेला की पडदा मागे जातो. तेव्हा भागूला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिनं देवकूला सांगितलं, देवकू हसली, तिथंच विषय संपला.

मग तो दिवस आला. मार्गशीर्षातला दिवस म्हणतात. त्या दिवशी नरूच्या होडीला मोठी मासळी लागली होती, आणि धाकूची होडी जवळजवळ रिकामी आली. निवेदाची पाटी नरूच्या मासळीतून भरली. नरूनं ती उचलली आणि पायऱ्यांकडे निघाला. धाकू आडवा झाला.

"मान माझो," धाकू म्हणाला.

"मासळी माझी, आणि थोरलो मी. मान थोरल्याचो," नरू म्हणाला.

झाली सुरुवात. तुम्ही शहरातली माणसं, तुम्हाला वाटेल एवढ्यावरून काय? अहो, आमच्याकडे माणूस जमीन सोडील, मान सोडणार नाही. पालखी कोणाच्या खांद्यावर आधी, यावरून वर्षानुवर्षं बंद राहिलेले उत्सव आहेत आमच्याकडे. दोघे भाऊ वाळूत उभे राहून भांडू लागले, मागची जुनी उणीदुणी निघाली, सगळं गाव भोवती जमलं. कोणी याच्या बाजूचं, कोणी त्याच्या. गणू घाडी मधे हात वर करून उभा. भागू नवऱ्याला मागे ओढत होती, देवकू तिच्या नवऱ्याला. निवेदाची भरलेली पाटी मधल्या मधे वाळूत ठेवलेली. आणि सावली पायरीला टेकली.

मुशी आली. पहिला फेरा मारला. काही पडलं नाही. दुसरा फेरा मारला. काही पडलं नाही. पायऱ्यांवर एकटी आवडू होती. तिनं एकदा मोठ्या माणसांकडे बघितलं. तिची हाक देवकूनं ऐकली होती असं सांगतात.

"काकी गो, ती उपाशी आसा!"

देवकूनं ऐकलं, पण वळून बघितलं नाही. नवऱ्याचा दंड तिच्या हातात होता. आवडूनं वर जाऊन माणसांच्या पायांमधून पाटीतला एक बांगडा उचलला, खालच्या पायरीवर उतरली, वाकली आणि बांगडा धरलेला हात पाण्यात घातला. टाकायचा असतो हे तिला कळलं नसेल, नाहीतर हातानं भरवावं असं वाटलं असेल. लहान पोर होती.

मला पुढचं सांगवत नाही. माझ्या आजीलाही सांगवत नसे. माणसं वळली तेव्हा पायरीवर कोणी नव्हतं आणि पाणी हललेलं होतं, एवढंच.

होड्या काढल्या, जाळी लावली, तिन्ही बाजूंनी खोल धुंडाळली. काही सापडलं नाही. कपड्याची चिंधीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सावली पायरीला टेकली आणि मुशी आली. रोजच्यासारखी, रोजच्या वेळेला. लोक वर उभे राहून बघत होते. गणू घाडी सुपात दुप्पट निवेद घेऊन आला होता, वर एक कोंबडा. तो म्हणाला, "राखण्याचो मान चुकलो. भुकेल्या देवाक थांबवलात. आता दोघां भावांनी मिळान निवेद द्या आणि माफी मागा." नरू आणि धाकू दोघेही मान खाली घालून पुढे आले. भांडायला काही उरलं नव्हतं.

तेव्हा भागू आली आणि खालच्या पायरीवर बसली. रडत नव्हती. गणू घाडीकडे बघून म्हणाली, "देव निवेद बघून घेता. ही डोळे मिटून घेता. मी दोन वर्षां बघलंय. तोंडात काय येता ता तिका दिसणा नाय. बांगडो आसा काय करवंटी आसा काय माझा चेडू, माझी आवडू आसा, तिका काय ठावक?"

घाडी म्हणाला, दुःखानं हिचं डोकं फिरलं आहे, उचला हिला. पण उचलणार कोण? भागू म्हणाली, "हात लावू नको. मी सुतकात आसंय."

आता हे नीट ऐका, कारण यात तिची अक्कल आहे. घरात माणूस गेलं की त्या घराला सुतक. सुतकात देवाचं काही करायचं नाही, निवेद द्यायचा नाही, देवळाची पायरी चढायची नाही. हे सुतक दहा दिवसांनी सुटतं. पण देह सापडला नाही तर काय? तर दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, मग दहा दिवस मोजायचे. भागू म्हणाली, मी पुतळा करू देणार नाही. म्हणजे सुतक सुटणार नाही. ते सुतक नुसतं धाकूचं नव्हे, नरूचंही, कारण घराणं एक. आणि निवेदाचा मान तांडेलांचा. तांडेल सुतकात, तर निवेद देणार कोण? दुसरं कुठलं घर पुढे होईना. दुसऱ्याच्या सुतकात त्याचा मान उचलला तर सात पिढ्यांचं वैर, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. ज्या मानापायी पोर गेली, त्याच मानाची आडकाठी तिनं पायरीवर घालून ठेवली. घाडी निवेदाचं सूप घेऊन परत फिरला.

तिनं गावाला एवढंच सांगितलं, की या पाण्यात आता कोणी काही टाकायचं नाही. निवेद नाही, घाण नाही, हात धुतलेलं पाणीसुद्धा नाही. ती आपल्याला खायला येत नाही, आपण लावलेल्या सवयीनं येते. आपण सवय लावली, आपणच मोडायची. नाहीतर उद्या तुमची पोरं पायरीवर उतरतील.

काही दिवस लोक पायऱ्यांकडे फिरकलेच नाहीत. पण मासळी तर साफ करायलाच हवी. मग एक दिवस देवकूनं सगळ्यांची घाण एका टोपलीत भरली आणि ती डोक्यावर घेऊन एकटी चढण चढली. वर तेव्हा नुसता कातळ आणि मधूनमधून माती होती. तिथे खड्डा खणून पुरून आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिनं भागूला विचारलं नाही आणि भागूनं तिच्याकडे बघितलं नाही. त्या दिवसापासून दोघींत शब्द नव्हता. भागूच्या मनात होतं, हिच्या नवऱ्यानं पाटी उचलली म्हणून माझी आवडू गेली. आणि देवकूच्या मनात काय होतं? तिच्या कानात ती हाक होती. ती कोणाला सांगणार?

धाकूचं वेगळंच. तो रात्रंदिवस एक मोठा गळ घासत बसायचा, लोखंडाचा, माझ्या पंजाएवढा. म्हणायचा, "तिचा पोट फाडून माझा चेडू भायर काढतलंय." भागूनं तो गळ त्याच्या हातातून घेतला. म्हणाली, "गळाक घास लागता. घास टाकलंस तर ती परत येतली. ती मेली तर वासान दुसरी येतली." धाकू भिंतीला डोकं लावून लहान पोरासारखा रडला. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पण गळ दिला नाही. तो तिनं चुलीमागे पुरला असं सांगतात.

आणि रोज दुपारी ती खालून दुसऱ्या पायरीवर येऊन बसायची, रिकामी टोपली शेजारी ठेवून. सावली टेकायची. मुशी यायची. एक फेरा, दुसरा फेरा, तिसरा फेरा. तोंड पायरीला घासून बघायची. काही नाही. मग जायची. लोकांना वाटलं होतं आठवडाभरात कंटाळेल. पण मुशीचं पोट माणसासारखं नसतं. तिचं एकदा पोट भरलं की पंधरा-पंधरा दिवस काही मिळालं नाही तरी तिचं अडत नाही, हे जुने लोक जाणून होते. पौष गेला, ती रोज येत होती. माघात एक दिवस आड येऊ लागली. मधे दोन आठवडे मासळी कमी लागली तेव्हा लोक कुजबुजले, राखणदार कोपला, भागूनं गाव बुडवलं. भागू पायरीवर बसतच राहिली. मग बांगडा आपला आपण आला, जसा येतो तसा, आणि लोकांची कुजबुज थांबली.

एक गोष्ट मात्र बायकांच्या लक्षात आली. मुशी फेरे घालायची तेव्हा भागूचे ओठ हलायचे. एकीनं जवळ जाऊन ऐकलं. भागू सांगत होती, "आज तुझी पाटी-पेन्सिल—" छे, छे! पाटी-पेन्सिल कुठली तेव्हा, ही माझीच जीभ घसरली, नातीमुळे. भागू सांगत होती, की गाय व्याली, पाडी झाली, कपाळावर चांदणी आहे. की तुझ्या काकीनं अबोलीची वेणी करून खुंटीला टांगली आहे, कोणासाठी कोण जाणे. ती मुशीशी बोलत नव्हती. तिची पोर त्या पोटात होती. ती आवडूशी बोलत होती.

आता तुम्हाला कळलं ना तिनं काय मांडलं होतं ते? दुसऱ्यांच्या पोरांसाठी ती त्या मुशीला घालवत होती. आणि मुशी गेली की आवडू गेली. रोज दुपारी जी भेट होत होती, ती तिनं आपल्याच हातानं बंद करायला घेतली होती. काय म्हणायचं अशा बाईला! मी दोन मुलांची आई आहे, मला हे जमलं नसतं, मी सरळ सांगते.

फाल्गुनात मुशी आठवड्यातून एकदा येऊ लागली. शिमग्याच्या आधी एकदा दिसली, तेव्हा फक्त लांबचा एक फेरा मारून गेली. पायरीकडे आलीच नाही. त्यानंतर एक दिवस नाही, दोन दिवस नाही, नऊ दिवस नाही. गाव भीतीतून सुटलं. गणू घाडीसुद्धा येऊन म्हणाला, "भागू, बरा केलंस." आता पुतळा करून सुतक सोडूया, असं भाऊबंद बोलू लागले.

दहाव्या दिवशी दुपारी भागू पायऱ्यांकडे निघाली. टोपली रोजच्यासारखी हातात. पण त्या दिवशी टोपलीवर पान झाकलेलं होतं.

देवकू चढणीवरून रिकामी उतरत होती. तिनं ते पान बघितलं. रिकाम्या टोपलीवर कोण पान झाकतं? शिवाय मासळी हाताळणाऱ्या बाईला वास सांगावा लागत नाही. पानाखाली बांगडे होते. ताजे, पोट चिरलेले, रक्तासकट. देवकू धावली आणि खालच्या पायरीवर तिनं टोपलीचा दुसरा कान धरला.

"सोड," भागू म्हणाली. तीन महिन्यांत तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

"नाय सोडूचंय."

"एकच घास. एकदाच येवन जावंदेत."

"नाय."

मग भागू ओरडली. तीन महिने जी एकदाही रडली नव्हती ती अशी ओरडली, की वर घरांतून माणसं बाहेर आली. "ती येवची बंद झाली तर माझा चेडू माका खंय गावतला? सांग! खंय गावतला?"

पोर कुठे भेटणार, हे देवकू काय सांगणार?  तिनं एवढंच सांगितलं, जे तिनं तीन महिने छातीत दाबून ठेवलं होतं. "तेणां माका हाक मारल्यान, भागू. ती उपाशी आसा, म्हणालां. मी वळाक नाय."

भागूनं टोपली ओढली. देवकूनं ओढली. दोघी त्या पायरीवर, गुडघाभर पाण्यात, टोपली मधे धरून उभ्या. कोणी सोडेना. सावली पायरीला टेकली. सावली पायरीवर चढली. पाणी स्वस्थ होतं. मुशी आली असती का, हे कोणाला ठाऊक नाही. घास पडलाच नाही. सावली दुसऱ्या पायरीवर गेली, वेळ टळली, आणि भागूचा हात ढिला झाला. पण कान तिनं सोडला नाही. देवकूनंही नाही. तशाच दोघी वळल्या आणि चढणीला लागल्या.

काही जण सांगतात की त्याच वेळी मुशी आली आणि तिनं पोटातलं उलटून आवडूची बांगडी पायरीवर आणून टाकली. म्हणे! बाहेरगावच्या देवळात एक कीर्तनकार असंच रंगवून सांगतो, ऐकून बायका डोळे पुसतात. मी तसं सांगत नाही. माझ्या आजीनं तसं सांगितलं नाही. काहीही परत आलं नाही. परत आलं असतं तर या टोपलीची गरजच काय होती?

वर जाऊन दोघींनी ते बांगडे पुरले आणि त्यावर एक नारळ रुजत घातला. दुसऱ्या दिवशी नरू आणि धाकूनं मिळून दर्भाचा पुतळा केला. अग्नी द्यायला पुढे कोण, हे कोणी कोणाला विचारलं नाही. दोघांनी एक काडी धरली. दहा दिवसांनी सुतक सुटलं, आणि निवेदाचा मान तांडेलांनी गावासमोर समुद्रात सोडून दिला. तेव्हापासून तो कोणाचाच नाही. पायरीवर भागू पुन्हा कधी एकटी बसली नाही. दुपार झाली की देवकू टोपली घेऊन तिच्या दारात उभी राहायची, आणि नुसता एक कान पुढे करायची.

बायकांनी तेच उचललं. गावात शपथ वगैरे कोणी घातली नाही. पण एकटीच्या मनाचा भरवसा नाही, भागूसारख्या बाईच्या मनाचाही नाही, हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. ज्या घरात दुःख असतं त्या घरातली टोपली तर आम्ही आधी बघतो.

माझा थोरला मुलगा समुद्रात बुडून गेला तेव्हा मला वाटलं होतं, आता हे नियम जाऊ देत चुलीत. मासळी साफ करून मी तशीच पाण्याकडे निघाले होते, टाकायला. सगळंच टाकायला, मला वाटतं. मागून कोणीतरी टोपली धरली. शालन. अकरा वर्षं न बोललेली माझी जाऊ. तेव्हाही बोलली नाही, भवानी. नुसती धरून उभी राहिली. वर गेल्यावर म्हणाली, "फणस तूच घे गे." मग आम्ही दोघी जी रडलो!

तो पहिला माड कधीच पडला. त्याच्या नारळांचे माड झाले, त्यांच्या नारळांचे आणखी. आजही त्या कातळावर दुसरं काही नीट येत नाही, पण माड बघा कसे लागलेत. लोक तिला आवडूची बाग म्हणतात. आजही शिरखोलच्या पाण्यात पोरं दुपारभर डुंबतात, तुमचीही आत्ता तिथेच आहेत, आणि कोणाची आई त्यांना बाहेर ओढायला धावत नाही. मुशी आजही बाहेरच्या पाण्यात असते. जाळ्याला कधी धडकते, तिला आम्ही शिव्या घालत नाही. तिच्याकडून चूक झाली नव्हती. आजही बाजारातल्या बुरडाला सांगा, शिरखोलची टोपली दे, तर तो विचारत नाही, दोन कानांचीच देतो.

सावली आली बघा पायरीला. उठते आता. शालन गेल्या श्रावणात गेली. तेव्हापासून रोज कोणाला ना कोणाला हाक मारते. आज शेजारची सून माहेरी गेली आहे.

तो फोन ठेव गो बाय पिशवीत, आणि बघत काय बसलंस? धर दुसरो कान.